तिथे पिल्लं जन्मतात का, ते आधी विचार

प्रिय डॉक्टर,

डिग्री हातात आली, तेव्हा आता मी तुला अशीच हाक मारणार.

मेल मिळाली. परदेशातल्या सागरी उद्यानात कनिष्ठ पशुवैद्याची जागा, काम ओर्कांच्या (किलर व्हेलच्या) पथकात, राहायची सोय त्यांची, उत्तर महिनाअखेर कळवायचं. आणि खाली तुझा एका ओळीचा प्रश्न: मॅडम, जाऊ की नको? सोबत तो तक्ता. डावीकडे टाकी, उजवीकडे समुद्र, मधे लांबी, खोली, अंतर, आयुष्य. घरच्यांना पटवायला केलास की स्वतःला, ते लिहिलेलं नाहीस, पण दोन्हीसाठी तो कच्चा आहे. जागेची ओळ तू सर्वांत ठळक केली आहेस आणि जे खरोखर बघायला हवं त्याला ओळच नाही.

जागेचं आधी उरकते. मायामीच्या ज्या टाकीत टोकिटे नावाची मादी पन्नासहून जास्त वर्षं राहिली ती ८० फूट लांब, ३५ फूट रुंद आणि जिथे सर्वांत खोल तिथे २० फूट होती. टोकिटे स्वतः वीस फुटांच्या वर. अमेरिकेच्या सरकारी नियमांत ओर्कासाठी टाकीची किमान आडवी मोजणी ४८ फूट आणि खोली १२ फूट. म्हणजे मधोमध उभी राहिली तर दोन्हीकडे स्वतःच्या अर्ध्या लांबीएवढं पाणी. समुद्रात हाच प्राणी दिवसाला शंभर किलोमीटर सहज कापतो, आणि दक्षिण गोलार्धात एका ओर्काची बुडी हजार मीटरच्या खाली गेल्याची नोंद आहे. हे सगळं खरं, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटाही येतो. पण वाद फक्त जागेवर नेलास की समोरचा म्हणणार, ठीक, मोठी टाकी बांधतो.

हे मी कल्पनेने सांगत नाही. २०१४ साली सीवर्ल्ड या अमेरिकेतल्या उद्यान-कंपनीने नेमकं हेच जाहीर केलं होतं, सॅन दिएगोला कितीतरी मोठी टाकी. कॅलिफोर्नियाच्या किनारा आयोगाने २०१५ मध्ये परवानगी दिली आणि एक अट घातली: टाकी बांधा, पण तिच्यात ओर्कांची पैदास करायची नाही. कंपनी कोर्टात गेली. पुढे मार्च २०१६ मध्ये कंपनीनेच पैदास थांबवल्याचं जाहीर केलं आणि मोठ्या टाकीचा बेतही गुंडाळला. पैदास नाही तर मोठ्या टाकीत कुणाला अर्थ वाटला नाही, हे लक्षात ठेव. मी पुढे जे सांगणार आहे त्याचं मूळ इथे आहे.

आता आयुर्मानाची ओळ. तू एका बाजूला ‘समुद्रात ८० ते ९० वर्षं’ आणि दुसऱ्या बाजूला ‘बंदिवासात सरासरी’ असं मांडलंयस. एकीकडे कमाल, दुसरीकडे सरासरी! हा तक्ता तोंडी परीक्षेला आणला असतास तर पहिल्याच मिनिटाला मी तुला बाहेर बसवलं असतं. समुद्रातली मादी पहिले सहा महिने निभावली तर सरासरी पन्नासच्या आसपास जगते, नर तिशीच्या आसपास. ऐंशी-नव्वद ही मादीची वरची हद्द, नराची पन्नास-साठ. आणि ‘पहिले सहा महिने निभावली तर’ ही अट सोडून चालत नाही, कारण समुद्रातही पिल्लं मोठ्या संख्येने त्या सहा महिन्यांतच दगावतात. उद्यानवाल्यांच्या बाजूचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे टीकाकार, दोघांनीही २०१५ सालीच जगण्याच्या टक्केवारीवर निबंध छापले. एकांचं म्हणणं आता फारसा फरक उरला नाही, दुसऱ्यांचं म्हणणं सुधारणा झाली तरी समुद्रातल्यांची बरोबरी नाही. दोन्ही वाच आणि प्रत्येक ठिकाणी कुठल्या वयापासून मोजायला सुरुवात केली आहे ते बघ. सुरुवातीच्या वर्षांत टाकीतले ओर्का भराभर मेले, पुढे औषधोपचार सुधारले आणि जगणं लांबलं, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. तेवढ्याने तुझा प्रश्न सुटत नाही. जनावर किती वर्षं जगलं हे रजिस्टर सांगतं. कुणाबरोबर जगलं, ते कळायला त्याचं कुटुंब माहीत असावं लागतं.

म्हणून कुटुंबाकडे येते. तुझ्या तक्त्यात नसलेली ओळ ती हीच.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर मायकेल बिग नावाच्या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात पाठीवरच्या पराच्या कडा आणि मागचा राखाडी डाग यांचे फोटो काढून एकेक ओर्का ओळखायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं तेच चेहरे तपासत गेल्यावर दिसलं, की मासे खाणाऱ्या या ‘रेसिडेंट’ कळपांत कुणी घर सोडतच नाही. लेकी आईपाशी, लेकही आईपाशी, मरेपर्यंत. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांचंच माहेर, सासरी जाणं कुणालाच नाही. जोडीदार दुसऱ्या कळपातला, भेट तेवढ्यापुरती, आणि नर परत आईच्या बाजूला पोहायला लागतो. मादीला पिल्लं होणं चाळिशीच्या आसपास थांबतं आणि ती पुढे कित्येक वर्षं जगते. मासे कमी असतात त्या वर्षी कळपाच्या पुढे बहुतेक अशीच म्हातारी असते. २०१२ सालच्या एका अभ्यासात दिसलं, की तिशी ओलांडलेल्या नराची आई मेली की पुढच्या वर्षभरात त्याच्या मरण्याची शक्यता सुमारे चौदा पटीने वाढते. सहा-सात टनांचा, कुणाला न भिणारा नर, आणि आई गेली की टिकत नाही. तू एक दिवस याचा शवविच्छेदन अहवाल लिहिशील तेव्हा मृत्यूचं कारण या रकान्यात न्यूमोनिया लिहिशील. तेही बरोबरच असेल.

प्रत्येक कळपाची बोली वेगळी असते हे तुला माहीत आहे. खाणंही शिकलेलं असतं, आणि ते किती घट्ट बसलेलं असतं याची एक हकीकत सांगते. १९७०च्या मार्चमध्ये तिथल्याच व्हिक्टोरिया शहराजवळच्या पेडर बे खाडीत पाच ओर्का जाळ्यात कोंडले. त्यांना सामन माशाचं खाणं टाकलं. खाईनात. हेरिंग टाकलं, नाही. एक आठवडा, एक महिना, दोन महिने. सुमारे अडीच महिन्यांनी त्यांतली एक मादी उपाशी मेली. त्यानंतर काही दिवसांनी उरलेल्यांतल्या नराने मासा तोंडात घेतला आणि मग बाकीचेही खायला लागले. तोवर कुणाला कल्पना नव्हती की ओर्कांत सील आणि पाणमांजरांसारखे सस्तन प्राणीच खाणारे वेगळी घराणी आहेत आणि त्यांना मासा म्हणजे अन्न वाटतच नाही. पाचांतले दोघे त्याआधीच टाकीत नेले गेले होते. उरलेल्या दोघांसाठी कुणीतरी रात्री जाळं वजनं टाकून बुडवलं आणि ते निसटले. नंतर ते मोकळ्या समुद्रात दिसले, आणि पुन्हा त्यांच्याच खाण्यावर आलेले होते.

हे असं घराणं असलेल्या जनावरांना टाकीत कसं बसवतात ते आता बघ. आइसलँडचा, पॅसिफिकचा, इथे जन्मलेला, तिथे जन्मलेला, सगळे एकत्र. १९८९च्या ऑगस्टमध्ये सॅन दिएगोला कांडू नावाच्या आइसलँडच्या मादीने कॉर्की नावाच्या कॅनडाच्या मादीला जोरात धडक मारली. कांडूचाच जबडा मोडला, आतली रक्तवाहिनी तुटली आणि सगळ्यांसमोर रक्तस्राव होऊन ती पाऊण तासात गेली. तिचं जेमतेम वर्षाचं पिल्लू ऑर्किड शेजारीच होतं. समुद्रात भांडण झालं तर एक बाजू निघून जाते. इथे निघून जायला शेजारची टाकी, आणि तिचा दरवाजाही माणसाच्या हातात. त्यानंतर ऑर्किडला सांभाळलं ते कॉर्कीने. कॉर्की स्वतः सात वेळा गाभण राहिली, एकही पिल्लू दोन महिन्यांपलीकडे जगलं नाही. १९६९च्या डिसेंबरात पेंडर हार्बरला तिला पकडलं. तिचा कळप अजून त्याच किनाऱ्याने फिरतो.

पण मला सर्वांत जास्त बोचणारी साखळी दुसरी आहे, आणि तिच्यात कुणी कुणाला धडक मारलेली नाही. कसात्का १९७८ साली आइसलँडजवळ पकडली गेली. तिची मुलगी ताकारा १९९१ मध्ये टाकीतच जन्मली. २००२ मध्ये ताकाराला कोहाना झाली. २००४ मध्ये ताकारा आणि कोहाना यांना सॅन दिएगोहून ऑरलँडोला हलवलं, कसात्का मागे राहिली. तिथल्या माजी प्रशिक्षकांनी सांगितलं आहे, की त्यानंतर कसात्का पूर्वी कधी न ऐकलेले लांब पल्ल्याचे आवाज काढायची. २००६ मध्ये कोहानाला, ती चार वर्षांचीही झालेली नसताना, स्पेनच्या तेनेरिफे बेटावरच्या उद्यानात पाठवलं. तिच्याबरोबर गेलेले तिघेही पोरसवदाच. वडीलधारं कुणीच नाही. समुद्रात मादीला पहिलं पिल्लू होतं ते साधारण चौदा-पंधराव्या वर्षी, तोवर तिने आईची, मावशीची, आजीची बाळंतपणं आणि पिल्लांचं संगोपन डोळ्यांनी पाहिलेलं असतं. कोहाना आठव्या वर्षी व्याली. पिल्लाचा बाप नात्याने तिचा सावत्र मामा. तिने पिल्लाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, माणसांनी बाटलीने वाढवलं. २०१२ मध्ये दुसरं झालं, तेही तिने जवळ केलं नाही, ते वर्षभराच्या आतच गेलं. २०२२ मध्ये कोहाना स्वतः गेली, विसाव्या वर्षी.

यात क्रूर माणूस शोधू नकोस, सापडणार नाही. विमानात पाळणा टांगून, बर्फ घालून, डॉक्टर सोबत देऊन, रात्रभर अंग ओलं ठेवून नेतात. प्रवास उत्तम होतो. मुळात तो का झाला, याची नोंद वैद्यकीय फायलीत सापडत नाही, कारण कारण वैद्यकीय नसतंच.

तुझ्या रोजच्या कामाबद्दलही सांगते, नाहीतर तू म्हणशील मॅडमनी नुसतं भाषण दिलं. पहिलं काम दात. कंटाळलेला ओर्का सिमेंटची कड आणि लोखंडी फाटक चावतो. दात झिजून मगज उघडा पडला की तो ड्रिलने खरवडून काढतात, भोक तसंच उघडं ठेवतात, आणि मग ते जन्मभर रोज धुवावं लागतं. २०१७ साली एका कंपनीच्या २९ ओर्कांच्या दातांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या एकाचेही दात शाबूत नव्हते. ती पिचकारी बहुधा तुझ्या हातात येईल, आणि जनावर आपणहून तोंड उघडून उभं राहील, ते बघून तुला भरून येईल. (इथेही घाई करू नकोस. पॅसिफिकच्या खोल पाण्यातल्या, शार्क खाणाऱ्या ओर्कांचे दात हिरड्यांपर्यंत झिजलेले सापडतात. झीज म्हणजे आपोआप बंदिवास नव्हे. ड्रिलचं भोक मात्र समुद्रात मिळत नाही.)

दुसरं, पाणी. ओर्का समुद्राचं पाणी पिऊन राहत नाही, त्याचं पाणी माशातून येतं. गोठवून वितळवलेल्या माशात ते कमी पडतं, म्हणून बादल्या भरभरून जिलेटिन देतात. हेरिंगसारख्या माशात बी-१ मोडणारं एन्झाइम असतं, त्यामुळे त्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या कल्ल्यात कोंबून द्याव्या लागतात. हे चुकलं तर चेतासंस्थेची लक्षणं दिसतात, ती तू दुसऱ्या वर्षाला शिकलेलाच आहेस. शेपटीचा पर वर धरून रक्त देणं, श्वासाचा नमुना देणं हे ते शिकलेले असतात. आणि मान्य करायला हवं, की गर्भ सुमारे सतरा महिन्यांचा असतो यासारख्या गोष्टी अशा नमुन्यांतूनच पक्क्या झाल्या.

तिसरं, डास. हसू नकोस. १९९० मध्ये ऑरलँडोला कांदुके आणि २००७ मध्ये सॅन अँटोनियोला टाकू, दोन नर डासांनी पसरवलेल्या विषाणूंनी मेले, एक सेंट लुइस एन्सेफलायटिसने, दुसरा वेस्ट नाइलने. समुद्रातला ओर्का श्वासापुरता वर येतो आणि जातो. टाकीतला तासन्‌तास पाठ उघडी टाकून पाण्यावर तरंगत पडतो, तेही संध्याकाळी, दिव्याखाली. मलेरियाच्या शहरात शिकलेल्या तुला त्या टाकीवर डास मोजायचं सुचेल. तिथल्या किती जणांना सुचतं कोण जाणे.

आता समुद्राची बाजू, कारण तुझ्या तक्त्याचा उजवा रकाना स्वर्गासारखा दिसतोय. तो तसा नाही. सिअ‍ॅटल-व्हँकुव्हरच्या पाण्यातले ‘सदर्न रेसिडेंट’ ओर्का आज पाऊणशेच्या आत उरलेत. ते प्रामुख्याने चिनूक सामन खातात आणि धरणं, मासेमारी यांनी तोच आटत चाललाय. चरबीत पीसीबी नावाची कारखान्यांतली विषारी रसायनं साठलेली, आणि जहाजांच्या आवाजात शिकारीचा कानोसा लागत नाही. २०१८च्या उन्हाळ्यात ताहलेक्वा नावाची मादी तिचं मेलेलं पिल्लू सतरा दिवस डोक्यावर तोलत फिरली, सुमारे सोळाशे किलोमीटर. २०२५च्या सुरुवातीला तिचं आणखी एक पिल्लू गेलं आणि तिने पुन्हा तेच केलं. आणि माणूस त्यांना पूर्वी मोकळा समुद्र देत होता अशातलाही भाग नाही. १९६०च्या सुमारास कॅनडाच्या मासेमारी खात्याने सीमूर नॅरोज या अरुंद सामुद्रधुनीवर ओर्का मारण्यासाठी चक्क मशीनगन बसवली होती. ती कधी झाडली गेली नाही, पण पुढे पकडल्या गेलेल्या कित्येकांच्या अंगात बंदुकीच्या गोळ्या निघाल्या. १९६४ मध्ये व्हँकुव्हर मत्स्यालयाला एका पुतळ्यासाठी नमुना म्हणून मेलेला ओर्का हवा होता. हार्पून मारूनही तो मेला नाही, म्हणून ओढत बंदरात आणला, आणि तीन महिन्यांच्या आत तो मरेपर्यंत शहराचा त्याच्यावर जीव जडला. लोकांच्या मनातला राक्षस टाकीनेच पुसला, हे उद्यानवाले सांगतात ते खोटं नाही. त्याची किंमत कुणी भरली ते मात्र ते सांगत नाहीत. ऑगस्ट १९७० मध्ये पेन कोव्ह खाडीत विमानं आणि स्फोटकं वापरून ऐंशीच्या आसपास ओर्का कोंडले. सात विकायला नेले, टोकिटे त्यांतलीच. पाच मेले, त्यांतली चार पिल्लं. पोटं फाडून दगड भरून, नांगर बांधून त्यांना बुडवलं, कुणाला कळू नये म्हणून. नोव्हेंबरात त्यांतली काही किनाऱ्याला लागली. त्या दशक-दीड दशकात सदर्न रेसिडेंटांतले चाळीसहून अधिक गेले, बहुतेक कोवळे. ज्या पिढीने पुढे पिल्लं घालायची तीच उचलली गेली. तेव्हा तुझ्या तक्त्याचे दोन रकाने एकमेकांपासून वेगळे नाहीत, डावा रकाना उजव्यातूनच भरलाय.

मग सोडून द्यावं का सगळ्यांना? तू मेलमध्ये ‘पुनर्वसन’ असा शब्द फार सहज लिहिला आहेस. दोन नावं शेजारी ठेव. केइको दोन वर्षांचा असताना आइसलँडला पकडला, कॅनडा करून मेक्सिको सिटीच्या टाकीत अकरा वर्षं राहिला. हॉलिवूडच्या एका सिनेमाने त्याला जगप्रसिद्ध केलं आणि मुलांच्या पैशांपासून कोट्यधीशांच्या देणग्यांपर्यंत सगळं ओतून १९९८ मध्ये त्याला आइसलँडला परत नेलं. २००२ मध्ये तो ओर्कांच्या मागे निघाला आणि एकटाच नॉर्वेला पोचला. तिथे पोचल्यावर तो गेला तो माणसांकडेच, पोरं त्याच्या पाठीवर चढायची. डिसेंबर २००३ मध्ये न्यूमोनियाने गेला. दुसरी स्प्रिंगर. दोनेक वर्षांची पोरकी मादी, २००२ मध्ये सिअ‍ॅटलजवळ एकटी सापडली. तिच्या बोलीवरून ती उत्तरेच्या कोणत्या कळपाची ते शास्त्रज्ञांनी ओळखलं, महिनाभर उपचार केले, जोरात पळणाऱ्या बोटीतून जॉन्स्टन सामुद्रधुनीत नेलं, आणि तिचे नातेवाईक समोरून जात असताना जाळं उघडलं. ती त्यांच्यात मिसळली. २०१३ मध्ये तिला स्वतःचं पिल्लू झालं. केइकोलाही पाणी मिळालं होतंच, हवं तेवढं. ओळखीचं कुणी मिळालं नाही.

टाकीत जन्मलेल्यांना तर कुठला कळप ओळखणार? फ्रान्सने कायदा करून हे खेळ बंद केले, आंतीबचं उद्यान जानेवारी २०२५ मध्ये बंद पडलं, आणि विकी ही मादी आणि तिचा मुलगा केइजो त्या ओसाड उद्यानातल्या टाकीतच राहिले. जपानला पाठवायचं तर सरकारने नको म्हटलं, स्पेनला पाठवायचं तर तिथल्या शास्त्रज्ञांनी जागा अपुरी ठरवली. नोव्हा स्कोशियात समुद्राचा तुकडा कुंपण घालून आश्रयस्थान करण्याची योजना कित्येक वर्षं चालू आहे. अशा जनावरांचा खेळ बंद झाला तरी दात धुवावेच लागतात, बी-१ द्यावंच लागतं. जगात आज पन्नासएक ओर्का टाक्यांत आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचं उरलेलं आयुष्य तुझ्यासारख्या पशुवैद्याच्या हातात जाणार आहे. ‘बंदिवास वाईट, म्हणून मी तिथे पाय ठेवणार नाही’ असं म्हणणाऱ्यांत मी नाही. असं म्हटलं असतं तर मी प्राणिसंग्रहालयांत आयुष्य काढलंच नसतं.

म्हणून मी तुला जा किंवा नको म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारायला सांगते. त्या उद्यानात ओर्कांची पिल्लं जन्मतात का? पुढे जन्मावीत असा बेत आहे का? बेत नसेल, ही शेवटची पिढी असेल, तर बिनदिक्कत जा. शिकायला मिळेल तेवढं कमीच, आणि त्या जनावरांना जाण असलेला डॉक्टर हवाच आहे. पैदास चालू असेल तर जाऊ नकोस. मग तू कितीही मन लावून काम केलंस तरी तुझं कौशल्य पुढची कोहाना घडवायलाच वापरलं जाणार. कृत्रिम रेतनाचं तुझं प्रशिक्षण आपल्या म्हशींवर झालंय, तिथे ते कुणावर वापरायचं आहे तेही स्पष्ट विचार. उत्तर गोलमोल आलं, ‘संवर्धनासाठी’ वगैरे, तर हो समजायचं. टाकीतला एकही ओर्का आजवर समुद्राची संख्या वाढवायला सोडलेला नाही.

आपल्याकडे हे कधी येणारच नव्हतं असंही समजू नकोस. चेन्नईजवळ नव्वदच्या दशकात बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांत मेले. सिंधुदुर्गात तोंडवळी-वायंगणीला सी-वर्ल्ड उभं करायचं घाटत होतं, त्याला गावकऱ्यांनी विरोध केला तो मुख्यतः जमिनीसाठी. मे २०१३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डॉल्फिनच्या खेळांच्या उद्यानांना परवानगी देऊ नये असं राज्यांना कळवलं. त्यामुळे तू परत आल्यावर ओर्कांचा अनुभव इथे कुठे वापरणार, हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर: कोकण किनाऱ्याला डॉल्फिन आणि देवमासे वाळूवर येऊन लागतात तेव्हा शवविच्छेदन नीट करू शकणारी माणसं आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. कुणी पूर्ण उघडून बघत नाही, नुसती लांबी मोजून पुरतात. ते काम तुला येईल, आणि त्यासाठी परदेशातच जायला हवं असंही नाही.

आता व्यवहाराचं. करारात गोपनीयतेचं कलम असेलच. त्यात जनावरांच्या वैद्यकीय नोंदींबद्दल काय लिहिलंय ते वकिलाकडून वाचून घे. गेल्या दहा वर्षांतले जन्म, मृत्यू आणि स्थलांतरं यांची यादी माग. अमेरिकेत ही माहिती सरकारदरबारी कायद्याने नोंदवावी लागते, इतर देशांत काय नियम आहे ते बघ. पाण्यात उतरावं लागेल का, हेही विचार. २०१० मध्ये ऑरलँडोला टिलिकम नावाच्या ओर्काने अनुभवी प्रशिक्षिकेचा जीव घेतला, त्यानंतर अमेरिकेत खेळांदरम्यान प्रशिक्षकांचं ओर्कांबरोबर पाण्यात उतरणं थांबलं. सगळीकडे तसं नाही. पशुवैद्य टाकीच्या काठावर असतो, पण काठही निसरडा असतो आणि ओर्काला काठ कुठे संपतो ते तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. विम्याचा आकडा मला कळव.

प्रश्न मेलवरच विचार, फोनवर नको, म्हणजे उत्तर लेखी येईल. आलं की जसंच्या तसं मला पुढे पाठव. पगार कमी वाटतोय म्हणालास, त्यावर ते आल्यावरच बोलू.

तुझी,
मॅडम